फ्लोराचं काहीच चोरीला गेलं नाही

९ जून

सगळ्यात आधी आली ती फ्लोराच. पाहुणे अजून खालच्या वळणावर धापा टाकत होते, आणि ही माझ्या अंगणात, माझ्याच खुर्चीत, मांडीवर बशी घेऊन तयार. म्हणे, "आवाज ऐकला म्हणून आले." भिंतीपलीकडे राहते ती. माझ्या कोंबडीला स्वप्न पडलं तरी तिला ऐकू जातं.

मग माझी नात आली. बाप्तिस्म्याचं नाव कालिरोई, म्हणजे माझंच, आमच्याकडे तसंच ठेवतात. अथेन्सला गेल्यावर तिथल्या पोरींनी अर्धं छाटून रोई केलं. "उरलेलं अर्धं तुझ्याकडे राहू दे आजी," म्हणते लबाड. तिच्या मागून दोन प्राध्यापक. लास्कारिस सर उंच, बारीक दाढीचे, बुटांत खडे गेलेले. थालिया बाई ठेंगण्या, गळ्यात एवढाले मणी.

औषधवाला दर वर्षी ही डायरी फुकट देतो. एरवी मी हिच्यात कोंबडी खुडुक कधी बसली तेवढंच लिहिते. यंदा नात उन्हाळाभर राहणार आहे, तेव्हा कोंबडीला सुट्टी. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढे शाळेचं छप्पर उडालं आणि ते बसवीपर्यंत माझं लग्न झालं.

रोई विद्यापीठात दोन विषय एकत्र शिकते, समाजाचा एक आणि गुन्ह्याचा एक. मी विचारलं होतं, समाज म्हणजे आम्ही, आणि गुन्हा म्हणजे आम्ही करतो ते, असंच ना? म्हणाली, "बरोबर आहे आजी. परीक्षेत हेच लिहायचं असतं, फक्त दहा पानं." थालिया बाई समाजाच्या, लास्कारिस सर गुन्ह्याचे. दोघांची सही असल्याशिवाय पोरगी पास नाही. आणि दोघांचं तर पटत नाही. एकाच सुनेला दोन सासवा असाव्यात तसं.

मी मुरांब्याचा चमचा आणि थंड पाण्याचा ग्लास पुढे केला. सरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पाणी जरा लोखंडासारखं लागतं का?"

"टँकरचं आहे," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. आमची विहीर सेंट जॉनच्या देवळापाशी. आता सरपंचाचा मेहुणा अर्गिरिस याने तिच्याभोवती भिंत घातली आहे. पोरंबाळं, शेळ्या पडू नयेत म्हणून. शेजारी त्याचे नवे बंगले झालेत, उन्हाळी पाहुण्यांसाठी, आणि निळाशार पोहायचा हौद. गावाला पाणी कमी पडू नये म्हणून तो आपला स्वतःचा टँकर वर पाठवतो. पैसे घेतो, पण डिझेल काय झाडाला लागतं? भला माणूस.

मी सांगत होते तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं होतं. चढ चढून थकले असणार.

मग पेन उचलून म्हणाले, "बाई, गेल्या वर्षभरात तुमचं काही चोरीला गेलं?"

"नाही."

"त्याआधी?"

"माझी झोप. फ्लोराच्या गाढवाने."

"आता पोपटासारखी बोलतेयस," फ्लोरा फणकारली, "पण त्याच गाढवावरून तुझा नवरा दवाखान्यात गेला होता."

सरांनी काही लिहिलं नाही.

११ जून

गेले दोघे आज. जाताना सरांनी अंगणातल्या दाराकडे बोट दाखवलं. किल्ली नेहमीसारखी बाहेरून कुलपात. "ही दिवसरात्र अशीच?" मी म्हटलं, मग कुठे ठेवू? आत ठेवली तर बाहेरचा माणूस आत कसा येणार? सरांनी थालिया बाईंकडे असं पाहिलं की जणू चूक त्यांची.

वळणावर पोरीला बोलले ते मी अंजिराखाली वाकले होते म्हणून ऐकलं. (वाकले होते ते अंजिरांसाठीच.) सर म्हणाले, "रोई, इथे तुझ्या प्रबंधाला गुन्हाच नाही. बंदरावरच्या पोलीस चौकीत नोंदी पाहिल्या, कोरं पान. भावना समजतात मला, आजीजवळ राहायचंय. पण मी जुलैत परत येईन तोवर काही मिळालं नाही तर तू शहरातल्या तुरुंगाच्या पाहणीवर जाशील. नाहीतर वर्ष पुन्हा."

पोरगी "हो सर" म्हणाली. घरी येऊन अंड्याचं आम्लेट न खाताच झोपली.

तुरुंगात! माझी नात!

१५ जून

आज पाद्रीणकाकूंच्या, म्हणजे मारिगोच्या, स्वयंपाकघरात आम्ही बायका जमलो. रोईला शेळीचं चीज आणायला पाठवून दिलं होतं, मुद्दाम लांबच्या घरी. मी पदर पसरला. म्हटलं, पोरीला एक चोरी हवी आहे. मोठी नको. एखादी घरगुती.

मारिगोने आधी छातीवर क्रूस काढला. मग विचारलं, "कुणाकडे?"

तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

"माझ्याकडे," फ्लोरा म्हणाली. "माझ्याकडे चांदीचं कॉफीचं तबक आहे. चोरी व्हायची तर अब्रूदार घरात व्हावी."

"अगं, तबक भिंतीत ठोकलंयस तू," मारिगो म्हणाली. "चोर काय खिळे उपसत बसेल?"

"मग कालिरोईकडे काय आहे चोरण्यासारखं?"

मी म्हटलं, माझं तांब्याचं पातेलं. माझ्या आईच्या हुंड्यातलं. सगळ्यांनी मान डोलावली, कारण गावातल्या एकूणएक लग्नात त्यातच शिजलंय. ठरलं. चोर कोण? मारिगोनेच व्हायचं, कारण पाद्रिणीवर संशय कुणी घेणार नाही, आणि दुसरं कुणी सापडलं तर त्याला खरंच तुरुंगात टाकतील. वेळ दुपारची, वामकुक्षीची. त्या वेळी गावात माशीसुद्धा झोपते.

फ्लोरा उठून गेली. जाताना म्हणाली, "गरीब म्हणून वगळलंत मला. लक्षात ठेवीन."

१९ जून

किल्लीवरून सर जे बोलले त्याचा फ्लोराने भलताच धसका घेतला आहे. आज दाराला कुलूप घालून किल्ली काढली. पण ठेवायची कुठे हे आमच्यात कुणालाच माहीत नाही. शेवटी तुळशीच्या कुंडीखाली ठेवली, आणि तीन गल्ल्या फिरून सगळ्यांना सांगून आली की किल्ली कुंडीखाली आहे, उगाच कुणाची गैरसोय नको.

२४ जून

सेंट जॉनचा सण. काल पोरी मुक्याचं पाणी आणायला गेल्या. विहिरीवरून घागर भरून घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मग त्या पाण्यात रात्री नवरा दिसतो. यंदा भिंतीमुळे टँकरच्या तोटीवर घागर भरली. पोरी गप्प, पण टँकरवाला सबंध वेळ बोलत होता. बायकोच्या मुळव्याधीबद्दल. आता पोरींना कसले नवरे दिसायचे देव जाणे.

रोईने पाहिलं आणि विचारलं, "आजी, दर वर्षी विहिरीवरूनच भरायच्या ना?"

म्हटलं, "हो गं. पण भिंत आहे ना."

गप्प बसली. मुक्याच्या पाण्याचा दिवस, बरोबरच आहे.

४ जुलै

आले दोघे! सगळ्यात आधी कोण आलं ते काय लिहू. आज फ्लोराने रेशमी रुमाल बांधला होता आणि मान ताठ. थालिया बाईंना केपरच्या कळ्यांचं लोणचं फार आवडलं, सरांना काहीच नाही. रोईच्या चेहऱ्यावर रक्त नाही. मी तिला म्हटलं, "तू झोप नीट. उद्याचं उद्या."

"उद्या काय आहे, आजी?"

"काही नाही गं. शनिवार नाहीतर रविवार असेल."

५ जुलै

आजचं सगळं लिहून ठेवते.

दुपारी सगळे पडले. मी डोळे मिटून घोरत होते, खोटं, पण मधे एकदा खरंच डोळा लागला. पातेलं गेलं. मी उठले, ओरडले, केस सोडले. लास्कारिस सर अर्ध्या झोपेतून एका बुटावर धावत आले. काय सांगू, पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. दारापाशी बसून किल्लीचा फोटो काढला. थालिया बाई मला विचारत होत्या, "तुम्हाला आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, फार छान. म्हणजे, फार वाईट.

रोई खांबाला टेकून उभी, हाताने तोंड झाकून. धक्का बसला असणार.

सर लिहीत होते, कोणी काही हलवू नका, कोणी आत येऊ नका. आणि तेवढ्यात मारिगो आत आली. डोक्यावर माझं पातेलं. आणि पातेल्यातून काय वास सुटला होता!

सर म्हणाले, "हे पातेलं..."

"हो, हेच ते," मारिगो म्हणाली, आणि टेबलावर ठेवलं. भोपळ्याची फुलं, आत भात आणि पुदिना, वर लिंबू.

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, बाई परत कशाला आणलंस, उद्या आणायचं ठरलं होतं! ती चक्क सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, घरात नेऊन ठेवलं, पण मला चैन पडेना. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी रिकामं पडलेलं. माझी सासू थडग्यातून उठून बसली असती. आणि परत द्यायचं तर रिकामं कसं देऊ? फुलं होती परसात, भरली."

मग सरांनी हळूच विचारलं, "म्हणजे भांडं तुम्ही चोरलंत?"

"चोरलं ना! विचारा हिला, ठरल्याप्रमाणे."

रोई बाहेर पळाली. खोकला आला म्हणाली. बराच वेळ अंजिराखाली खोकत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

सर मटकन बसले. थालिया बाई मात्र टाळ्या पिटायच्या बाकी होत्या. "लास्कारिस, बघितलंत? चोरीचंसुद्धा इथे देणं-घेणं होतं! हा गुन्हा नाही, हे नातं आहे!"

"हा गुन्हा नाही हेच मी जूनपासून म्हणतोय," सर म्हणाले, आणि दुसरं फूल वाढून घेतलं. चार खाल्ली त्यांनी. पाचवं थालिया बाईंनी खाल्लं म्हणून रुसले.

६ जुलै

सकाळी फ्लोराचा आकांत. "लुटलं! मला लुटलं!" कॉफीचं तबक गायब. भिंतीवर खिळे तेवढे. सर उठलेच नाहीत, कपात बघत बसून म्हणाले, "त्यात काय भरून येणार आहे?" थालिया बाई गेल्या, आणि तबक फ्लोराच्याच चुलीत सापडलं, तिच्याच रुमालात गुंडाळलेलं. बाहेर चौकात येऊन फ्लोरा रडली. खरं रडली हो. "मी काय एवढी टाकाऊ आहे? माझ्याकडे एकही चोर येऊ नये?"

मला वाईट वाटलं. मी तिला माझी शेवटची दोन फुलं दिली. तिने खाल्ली आणि म्हणाली, मीठ कमी आहे.

७ जुलै

निघाले. बोटीला वेळ होता तर सरपंच थेमेलिस स्वतः वर आला पाहुण्यांना निरोप द्यायला. सरांना म्हणाला, "आमच्या गावात गुन्हा नाही हे आपण लिहा, आम्हाला पर्यटनाला उपयोग होईल. पुढच्या वेळी माझ्या मेहुण्याच्या बंगल्यात उतरा. हौद आहे." सरांना हौद आवडला. थालिया बाईंनाही आवडला. प्रथमच दोघांचं एकमत पाहिलं.

रोईला सर म्हणाले, "मेरीमातेच्या सणाआधी, १४ ऑगस्टला, आम्ही परत येतो, आणि तो शेवट. तोवर खरा गुन्हा दाखव. कोणीतरी कोणाचं काहीतरी नेलंय आणि परत दिलेलं नाही, असा. नाहीतर सप्टेंबरमध्ये तुरुंग."

पोरगी जेवली नाही. मी म्हटलं, मी मारिगोला सांगते, या वेळी परत आणू नकोस म्हणून. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी, तुला जमायचं नाही ते." इतक्या प्रेमाने कोणी मला नालायक म्हटलं नव्हतं.

१२ जुलै

आज टँकर आला नाही. हौदात पाणी भरायचं होतं म्हणे, बंगल्यात जर्मन आलेत. मी रोईला चहासाठी पावसाच्या टाकीतलं पाणी गाळून दिलं. ती ग्लास हातात धरून बसून राहिली.

"आजी, विहीर कोणाची?"

"देवाची. मग गावाची. माझ्या आजीच्या आजीने बांधकामाला दगड वाहिलेत, फ्लोराच्या घरच्यांनीही, मारिगोच्याही. प्रत्येक घराचा एक दगड आहे आत, नाव कोरलेला. आमचा उत्तरेकडून खालून दुसरा."

"आणि अर्गिरिसला कोणी दिली?"

"दिली कुठे? त्याने फक्त भिंत घातली. थेमेलिसने कागदावर शिक्का मारला, बस्स. त्याच रात्री मेंढी कापली होती त्यांनी, मलासुद्धा फऱ्याचा तुकडा पाठवला."

"आजी," म्हणाली, "हे तू सरांना सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. पण थकले होते बिचारे."

रोई उठली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि सकाळच्या बसने बंदरावर जमिनीच्या कचेरीत जायचं म्हणून कपडे काढून ठेवले. कपडे काय, तीच फाटकी पँट.

१८ जुलै

पोरगी रोज बंदरावर जाते, विहिरीकडे जाते, भिंतीचे फोटो काढते. सापासारखी चढून आतल्या दगडांचेही काढून आली. उन्हाने काळी झाली आहे पण जेवते! काल दोन ताटं फावा, आपली घोटलेली डाळ, खाल्ला, कांदा फोडून.

आज म्हणाली, "आजी, चोरी सापडली."

माझ्या हातातला चमचा पडला. "कुणाकडे गं? काय गेलं?"

"विहीर."

"आणि कुणाची गेली म्हणायची?"

"सगळ्यांची. एकूणएक घराची."

"फ्लोराचीसुद्धा?"

"फ्लोराचीसुद्धा."

देव दयाळू आहे. मी तशीच, पीठ लागल्या हातांनी, भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "फ्लोरा! अगं फ्लोरा! तुझं चोरीला गेलंय!"

"खोटं बोलतेस."

"रोई म्हणते. कागद आहेत. तुझ्या खापरपणजीच्या नावाचा दगड आहे, तो चोरीला गेलाय."

भिंतीपलीकडून आवाज आला, अगदी हळू, "खरंच? माझा?" आणि मग, "तुझ्याआधी की नंतर?"

"एकदमच गं."

"बरं," म्हणाली. "पण माझा दगड तुझ्यापेक्षा मोठा आहे."

२१ जुलै

काल प्रेषित इलियासची जत्रा. डोंगरावर सगळं गाव, व्हायोलिन, बकऱ्याचं मटण. फ्लोरा रेशमी रुमाल बांधून गेली आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून सांगत होती, "आमच्याकडे चोरी झाली. तुमच्याकडेही झालीय, तुम्हाला माहीत नाही एवढंच. कोरलेला दगड होता ना तुमचा? गेला." कोणाच्या तरी आजोबांना दगड आठवला. कोणी म्हणालं, मग टँकरचं पाणी कुठून भरतात? व्हायोलिनवाला थांबला. तोही आमच्याच गावचा, त्याचाही दगड आहे.

थेमेलिस हातात पेला घेऊन माझ्यापाशी आला. पोरवयात नाक पुसलंय मी त्याचं. "मावशी, हे काय काढलंय नातीने?"

मी म्हटलं, "अरे, अभ्यास. तिला पास व्हायचंय. मोठे प्राध्यापक येणार आहेत ना, त्यांना विहीर दाखवणार आहे. तू तर त्यांना बंगल्यात उतरवतोयस, किती सोयीचं! खिडकीतूनच दिसेल."

"आणि ते हे सगळं लिहिणार?"

"छापणारसुद्धा. थालिया बाई म्हणत होत्या, परदेशात वाचतात. तुझं नावही घालायला सांगते मी, शिक्का तुझाच आहे."

त्याने पेला माझ्याच टेबलावर ठेवला, भरलेला, आणि निघून गेला. दारू सोडली वाटतं. बायकोला बरं वाटेल.

२७ जुलै

आज सकाळी घणाचे आवाज. मी आणि फ्लोरा दोघी कठड्यावर. बघतो तर अर्गिरिस स्वतः, या उन्हात, शर्ट काढून, विहिरीची भिंत पाडतोय! मजूर नाही, कोणी नाही, फक्त थेमेलिस सावलीत उभा राहून त्याला घाई करतोय. मी वरून ओरडले, "अर्गिरिस, पाणी पी रे मधेमधे!" त्याने वर बघितलं आणि काही बोलला नाही. लाजला असेल. पाहुण्यांसाठी वाट मोकळी करतोय, किती मोठं मन.

पण मग माझ्या लक्षात आलं. भिंत गेली तर चोरीही गेली, मग पोरीचं काय? धावत गेले. रोई दगडांच्या ढिगापाशी बसून अर्गिरिसचे फोटो काढत होती. "आजी, घाबरू नकोस," म्हणाली. "उभ्या भिंतीचेही आहेत, पडत्या भिंतीचेही आहेत. आणि कचेरीतले कागद काही त्याला घणाने फोडता येत नाहीत." मग हसली, आणि मला कळलं की पोरगी सप्टेंबरात कुठेही जाणार असो, तुरुंगात जाणार नाही. निदान ती तरी जाणार नाही, असं ती म्हणाली. दुसरं कोण जाणार ते मी विचारलं नाही, घरी चुलीवर भात लागत होता.

दुपारी सरांचा फोन. रोईने सगळं सांगितलं. मग म्हणाले म्हणे, "हे तुझ्या आजीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का?" मागून थालिया बाई ओरडत होत्या की हा समाजाचा विषय आहे, त्यांच्या नावाने जाईल. सर म्हणाले, गुन्ह्याचा आहे. म्हणजे दोघेही सही करणार.

फ्लोराने संध्याकाळी विहिरीचं पहिलं पाणी आणलं, माझ्याच तांब्याच्या पातेल्यात. कधी नेलं होतं मला पत्ताही नाही. भरून परत दिलं, काठोकाठ, आणि म्हणाली, "घे. चोरलं होतं मी. कोणाला कळलं नाही, बघ."

पाहुणे बंगल्यात उतरणार नाहीत म्हणे, माझ्याकडेच उतरणार. यायचा दिवस तोच कळवलाय, १४ ऑगस्ट, सकाळची बोट. फुलं भरपूर लागतील.